परदेशातला खाऊ गावात, गावचा खाऊ परदेशात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात आर्वी-पुलगावपासून दारव्हा-वणीपर्यंतची आमच्याकडची पोरं-पोरी आता शारजा, दोहा, म्युनिक, टोकियो अशी पसरली आहेत. सुट्टीचं तिकीट निघालं की तेच ते प्रश्न फिरू लागतात: काय आणू, किती आणू, कोणाला देऊ, आणि परत जाताना आईनं बांधलेलं तिकडे चालेल का? मी जर्मनीत राहतो, गाव वर्धा जिल्ह्यात. उत्तरं त्या हिशेबानं दिली आहेत. आखातात किंवा दुसरीकडे नियम वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

माणसं मोजून आणू की घरं मोजून?

घरं मोजून. गावात कोणाला काय दिलं ते तासाभरात हापशीवर पोचतं. एकाला मोठा डबा आणि दुसऱ्याला दोन गोळ्या हे झाकून राहत नाही. म्हणून घरटी एक सारखं पाकीट हा पाया धरा. मामा, मोठी माय, सासुरवाडी, इवाई (व्याही) यांना जास्त द्यायचं असतंच. ते वेगळ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन द्या. ओसरीवर सगळ्यांसमोर बॅग उघडू नका.

यादी आईकडून घ्या. तुमच्या यादीत वर्गमित्र असतात. तिच्या यादीत बाबांना रात्री दवाखान्यात नेताना गाडी काढणारा असतो, तुम्ही नसताना वाळवणाला हात लावायला येणाऱ्या दोघी असतात, बँकेत पासबुक भरून आणणारा पोरगा असतो. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडीही असतो. त्याच्या घरी जाणारं पाकीट बाकीच्यांसारखंच असू द्या. फुटलेली बिस्किटं आणि वितळून थिजलेलं चॉकलेट त्याच्याकडे वळवायची काही घरांना सवय असते. ते त्यालाही कळतं.

आणि यादीच्या वर थोडं जास्त ठेवा. तुम्ही आलात हे ऐकून भेटायला येणाऱ्यांत यादीबाहेरची माणसं हमखास असतात.

असा कोणता खाऊ आणू, जो लोक खरंच खातील?

सुटा गुंडाळलेला. एकेक नग कागदात असेल तर वाटायला सोपा, मोजायला सोपा, आणि ज्याला लगेच खायचा नाही तो खिशात टाकून नातवासाठी घरी नेतो. जपानमध्ये राहणाऱ्यांची इथे चैन आहे. तिकडे प्रवासाहून परतताना ऑफिसात आणि नातेवाइकांत ‘ओमियागे’ वाटायची रीतच आहे. त्यामुळे स्टेशनावर, विमानतळावर सुट्या गुंडाळलेल्या मिठायांचे डबे मिळतात आणि आत किती नग आहेत ते डब्यावर छापलेलं असतं.

चवीचं म्हणाल तर आपल्याकडे चालतं ते ठरलेलं आहे: दुधाचं चॉकलेट, हेझलनटचं सारण भरलेले वेफर, लोण्याची बिस्किटं, बदाम-पिस्ते, खजूर. आखातातून येणाऱ्यांनी तर खजुरापलीकडे फार डोकं चालवू नये. खजूर उन्हात टिकतो, एकादशीला चालतो, दात नसलेल्या आजीला चालतो, आणि रमजान जवळ असेल तर गावातल्या मुसलमान शेजाऱ्यांकडे त्याच्याइतकी योग्य वस्तू दुसरी नाही. बदाम भरलेला खजूर आणलात तर इहीणबाईही नाव ठेवणार नाहीत.

चालत नाही ते असं. 85 टक्क्यांचं काळं चॉकलेट: आपल्याला वाटतं भारीतलं आहे, गाव म्हणतं ‘कडू जहर’. चीज: वासानंच बाद. आणि उत्तर युरोपातल्या लोकांची लाडकी खारट काळी लिकोरिस गोळी. ती आमच्या ओसरीवर एकदा फिरली. पोरांनी तोंडात घातली, एकमेकांकडे पाहिलं आणि अंगणात जाऊन थुंकली. आजीनं मात्र गोळी नाकाशी नेऊन सांगितलं, हे तर ज्येष्ठमध. बरोबर ओळखलं तिनं, वनस्पती तीच. खोकल्यासाठी म्हणून तिनं ते पाकीट स्वतःच्या पेटीत ठेवून घेतलं.

मे महिन्यात येतो आहे. चॉकलेट आणू काय?

नका आणू. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो. विमानात काही होत नाही. नागपूरहून गावाकडे येणाऱ्या लालपरीत, टपावरच्या किंवा सीटखालच्या बॅगेत सगळा खेळ संपतो. घरी आल्यावर फ्रीजमध्ये टाकू म्हणाल, तर लाइन केव्हा जाईल ते कोणी सांगावं.

वितळून पुन्हा थिजलेल्या चॉकलेटवर पांढुरकी साय दिसते. ती वर आलेली चरबी असते, बुरशी नाही. खायला हरकत नाही. पण वाटायला दिलं की ‘जुनं उचलून आणलं’ असा बोभाटा होतो, आणि कोकोचं शास्त्र कोणाकोणाला समजावत बसणार? उन्हाळ्यात बिस्किटं, सुका मेवा, खजूर, कडक गोळ्या. चॉकलेटचा मोसम दिवाळी ते संक्रांत.

यात अंडं-मांस नाही हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून उत्तर लांब आहे. गावात माळकरी आहेत, महानुभाव पंथाची घरं आहेत. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच, त्यामुळे आपल्या पट्ट्यात ही घरं पुष्कळ. ती माणसं विश्वासानं तुमच्या हातचं खातात. विचारत नाहीत, कारण तुम्ही तपासलं असणार असं ते धरून चालतात.

भारतातला हिरवा ठिपका परदेशी पाकिटावर नसतो. युरोपात व्हेजिटेरियन लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं, कारण त्यांच्या लेखी अंडं शाकाहारात मोडतं. आपल्याकडच्या नियमात अंड्याच्या पदार्थावर हिरवा ठिपका लागत नाही. म्हणून माळकऱ्यांच्या घरी न्यायचं असेल तर ‘व्हेगन’ असं स्पष्ट लिहिलेलं पाकीट घ्या. त्यात दूध नाही, अंडं नाही, जिलेटिनही नाही.

जिलेटिन म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून काढलेला चिकट पदार्थ. रंगीत अस्वलांच्या आकाराच्या मऊ गोळ्या, मार्शमॅलो, काही दह्याचे आणि क्रीमचे पदार्थ यांत तो असतो. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या अस्वल-गोळ्यांत तो बहुधा डुकराचा असतो. म्हणजे माळकरी आणि मुसलमान, दोघांच्याही घरी ते पाकीट चालत नाही. तुर्की दुकानात हलाल लिहिलेल्या गोळ्या मिळतात, पण त्यातलं जिलेटिन बहुतेकदा गाई-बैलाचं. म्हणजे एक घर सुटलं, दुसरं अडलं. फळांच्या पेक्टिनवर केलेल्या गोळ्या घेतल्या की दोन्ही घरं सुटतात.

आणखी दोन गोष्टी पाहा. ई-120 हा लाल रंग किड्यापासून काढतात. आणि चॉकलेटच्या आत काय भरलं आहे ते वाचा: चेरी किंवा द्राक्षाचं चित्र असलेल्या कित्येक गोळ्यांत चक्क दारू असते. लेकरांच्या हातात ती जायला नको. जपानी खारे पदार्थ वरून तांदळाच्या पापडीसारखे दिसतात, पण मसाल्यात माशाचा अर्क असू शकतो. लेबल वाचता येत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा भाषांतर करून दाखवतो. दुकानातच पाहा.

मित्रांसाठी एक बाटली आणली तर?

विमानतळावर दोन लिटरपर्यंत चालते. पण वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत, गडचिरोलीत 1993 पासून. ड्यूटी फ्रीची पावती तिथे कामाची नाही. नागपूर जिल्ह्याची हद्द ओलांडून वर्ध्यात शिरलं की तीच बाटली गुन्हा ठरते. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली, त्यामुळे तिकडच्या मित्रांचा सल्ला वर्ध्यात लावू नका.

मुंबई-दिल्लीहून पुढचं विमान धरणार असाल तर ड्यूटी फ्रीची बाटली पुन्हा चेक-इन बॅगेत टाकावी लागते, हातातल्या बॅगेत अडते. ज्यांनी तिथल्या बाकड्यावर बॅग उघडून कपड्यांत बाटली गुंडाळली आहे त्यांना माहीत आहे.

कस्टमवाले खाऊ पकडतात काय?

घरच्यांसाठी आणलेला खाऊ सहसा नाही. सगळ्या सामानाची मिळून शुल्कमाफीची एक मर्यादा असते. 2016 च्या बॅगेज नियमांत नेपाळ-भूतान-म्यानमार सोडून इतर देशांतून येणाऱ्या मोठ्या माणसाला ती 50,000 रुपये ठरली होती. हे आकडे सरकार बदलतं, म्हणून तिकीट काढलं की सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्या. नवरा-बायकोच्या मर्यादा एकत्र करून एकच महागडी वस्तू सोडवता येत नाही. अडचण चॉकलेटनं होत नाही. भावाचा आयफोन, मेहुण्याचं घड्याळ आणि वर टीव्ही, अशी बेरीज झाली की होते.

काकाजी म्हणतात, तिकडचं बियाणं आण. आणू?

नाही. काकाजींना वाईट वाटेल, वाटू द्या. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे बियाणं, रोपं, कलमं आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ‘मूठभरच आहे’ हे कारण चालत नाही. रोग आणि कीड मुठीतूनही येते. गुलाबी बोंडअळीनं कापसाचं काय केलं ते काकाजींनीच पाहिलं आहे. चोरबीटीच्या (चोरून विकल्या जाणाऱ्या बेकायदा कापूस-बियाण्याच्या) पाकिटांचा बाजार गावाला ठाऊक असल्यामुळे ‘फॉरेनचं बियाणं’ म्हटलं की डोळे चमकतात, पण संत्र्याचं कलम असो की टरबुजाचं बी, बॅगेत घालू नका.

पोट्टे वेप मागतात, एक जण ड्रोन म्हणतो.

ई-सिगारेटवर भारतात 2019 पासून बंदी आहे. परदेशी ड्रोनच्या आयातीवर 2022 पासून. विषय संपला.

मग शेतकऱ्याच्या घरी वस्तू म्हणून काय न्यावं?

डोक्याला बांधायचा चार्जिंगचा टॉर्च. शेतीची लाइन पाळीनं येते, आणि रात्रीची पाळी आली की माणूस अंधारात ओलिताला जातो. एका हातात फावडं, दुसऱ्यात मोबाइल, आणि पायाखाली साप आहे की पाइप ते कळत नाही. डोक्यावर टॉर्च असला की दोन्ही हात मोकळे राहतात. माझ्या एका काकांनी तो इतका वापरला की पट्टा तुटल्यावर दुपट्ट्यानं बांधून वापरत राहिले. महागडा परफ्यूम त्याच घरात कपाटावर सीलबंद होता. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

बायांसाठी चांगली कात्री, सोलाणं, घट्ट झाकणाचे डबे. गुडघ्याच्या गोळ्या आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या वाटू नका. कोणाला रक्तदाबाचं औषध चालू आहे, कोणाला शुगर आहे, आपल्याला काय माहीत?

जिल्हा परिषदेच्या शाळेत वाटलं तर?

अवश्य. आधी गुरुजींना किंवा मॅडमना विचारा, पटसंख्या घ्या आणि शिक्षक, मदतनीस, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांनाही धरा. अंगणवाडीच्या लेकरांना कडक गोळी किंवा अख्खा शेंगदाणा-बदाम देऊ नका, घशात अडकतो, त्यांना बिस्किट. फोटो काढायची घाई नको. लेकरांना रांगेत उभं करून चॉकलेट उंच धरायला लावायचं, हे मला तरी पाहवत नाही.

तान्ह्या पोळ्याला किंवा भुलाबाईला हा खाऊ चालेल?

तान्ह्या पोळ्याला मस्त चालतो. लाकडी बैल घेऊन पोरं दारात येतात तेव्हा बोजारा म्हणून पैशांसोबत एकेक चॉकलेट द्या, आणि तुमच्या दारात पोरांची दुसरी फेरी होते की नाही ते पाहा.

भुलाबाईचं गणित वेगळं. तिथे पोरींची गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. एका वर्षी आमच्या घरची पाळी होती आणि डब्यात तीळ लावलेल्या जपानी तांदळाच्या चकत्या ठेवल्या. पोरींनी डबा कानाशी धरून हलवला. मुरमुरे? नाही. चिवडा? नाही. खारी बुंदी, शेव, फुटाणे, सगळं म्हणून झालं. शेवटी एक चिमुरडी वैतागून म्हणाली, ‘जे आम्ही खाल्लंच नाही ते ओळखू कसं?’ तिचं खरं होतं. खेळ ओळखण्याचा आहे, म्हणून डब्यात फुटाणे-खोबरंच असू द्या आणि परदेशी खाऊ नंतर हातावर द्या.

येता आलं नाही तर पार्सल पाठवू?

पूर्वी 5,000 रुपयांपर्यंतची भेट टपालानं शुल्काविना येई. डिसेंबर 2019 पासून ही सवलत बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. आता भेट म्हणून पाठवलेल्या डब्यावरही पूर्ण शुल्क बसतं. दहा युरोच्या बिस्किटांवर टपालखर्च, वर शुल्क, वर तालुक्याच्या पोस्टात बाबांची फेरी. त्यापेक्षा गावाकडे निघालेल्या कोणाच्या बॅगेत अर्धा किलो जागा मागा.

आता उलटं. आई कुरड्या, लोणचं, तूप, संत्री सगळं बांधते. तिकडे काय चालतं?

देशागणिक वेगळं. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत; तूप, खवा, पेढे घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत. 2019 च्या डिसेंबरपासून अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचच फळांना सूट आहे. म्हणजे संत्री नाही, आणि चटणीसाठी कढीपत्ता नाही. बिस्किटं, केक, चॉकलेट यांना मांस नसेल तर सूट आहे, म्हणून वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे तुपातलं बिस्किट, बिनधास्त न्या. कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या, पापड, जवस-कऱ्हाळ्याची चटणी, सावजी मसाला, हे सगळं जातं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी फॉर्मवर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहावी. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिता सापडली तर दंड. न्यूझीलंडमध्ये तो जागच्या जागी 400 डॉलर आहे. अमेरिकेतही विचारलं की सांगा.

आखातात जाणाऱ्यांसाठी दोनच वस्तू, पण त्या पक्क्या लक्षात ठेवा. खसखस नको. अनारशावर लावलेलीसुद्धा. अमिरातीत ती अमली पदार्थात धरतात आणि माणसं आत गेली आहेत. आणि खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, नको. कोण्या मित्रानं प्रेमानं घोटून दिलेली पन्नी खिशात राहिली तर दुबईतही अडचण, सिंगापुरातही.

लोणचं हातातल्या बॅगेत अडतं. चेक-इनमध्ये न्यायचं तर तेल निथळून, बरणीच्या तोंडाला प्लास्टिक लावून, दोन पिशव्यांत, आणि पांढऱ्या शर्टापासून लांब.

ऑफिसात गावचा खाऊ कसा द्यायचा?

जर्मनीत ज्याचा वाढदिवस तोच केक आणतो, म्हणजे आपल्यासारखंच. डबा स्वयंपाकाच्या टेबलावर ठेवायचा, सगळ्यांना एक मेल टाकायची आणि बाजूला व्हायचं. ‘घ्या ना, एक तरी घ्या’ हा आपला आग्रह तिकडे अंगावर येतो. नको म्हणाले म्हणजे नको.

डब्याशेजारी चिठ्ठी हवी. युरोपात 14 पदार्थ ॲलर्जीचे म्हणून जाहीर करावे लागतात. त्यात शेंगदाणा, तीळ, मोहरी, गहू, दूध आहेत. म्हणजे आपल्या चटण्यांचं अर्धं सामान त्या यादीत आहे. घरच्या डब्याला कायदा लागत नसला तरी ज्याला शेंगदाण्यानं घसा सुजतो त्याला चिठ्ठी लागते.

गोड आधी ठेवा: गोरसपाक, तिळाची वडी, शंकरपाळे. तिखटाच्या पुऱ्या दुसऱ्या खेपेला. सावजीची पैज लावू नका. मौज दोन मिनिटांची, आणि पुढची तीन वर्षं तुमचा प्रत्येक डबा लोक लांबूनच पाहतात.

शेजाऱ्यांना डबा दिला, त्यांनी धुऊन रिकामा परत केला. काही चुकलं?

काही नाही. भांडं रिकामं परत करू नये ही आपली रीत, त्यांची नाही. धुऊन, पुसून, वेळेवर परत आलं हीच त्यांची कदर. डिसेंबरात त्यांच्या घरची नाताळची बिस्किटं दारात येतील तेव्हा हिशेब चुकता होईल. आपण मात्र त्यांचा डबा परत करताना दोन शंकरपाळे टाकावेत, मी टाकतो.

शेजारच्या काकू त्यांच्या मुलासाठी शिवलेला डबा देतात. नेऊ काय?

न्या, पण उघडून. कापडात शिवलेला असेल तर त्यांच्यासमोरच उसवा आणि आत काय आहे ते स्वतः पाहा. विमानतळावर ‘बॅग तुम्हीच भरली का’ असं विचारतात आणि उत्तरदायी तुम्ही असता, काकू नसतात. त्या रागावणार नाहीत. ‘कस्टमवाले फोडतात, मग सांडते’ एवढं सांगितलं की स्वतःच सुई-दोरा घेऊन बसतात. तूप, पेढे, खसखस, खर्रा निघाला तर तिथेच बाजूला काढा. बाकीचं तुमच्या पिशव्यांत भरा, वर मुलाचं नाव लिहा, आणि तो कोणत्या स्टेशनवर घ्यायला येणार आहे ते निघण्याआधी त्याच्याकडून पक्कं करून घ्या. नाहीतर काकूंच्या कुरड्या महिनाभर तुमच्याच कपाटात पडून राहतात आणि मग तुम्हीच त्या तळून खाता.